गुण सारेच सांगतात, दोष कोण पाहणार?

चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. १६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी तो मूठभर मावळ्यांनिशी सुमारे दोन महिने झुंजवला. समोरून चढाई करून किल्ला हाती येत नाही, हे पाहिल्यावर मोगलांनी तटाखालपर्यंत भुयार खणले, त्यात दारू ठासली आणि बुरूज उडवून दिला. समोर दिसणाऱ्या संकटाशी दोन हात करता येतात. पायाखालून येणारे संकट घात करते. त्याच चाकणच्या आसपास आज घरासाठी जमीन शोधत हिंडणाऱ्या कुटुंबांनी हा धडा लक्षात ठेवावा, अशी परिस्थिती आहे.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली आणि सातारा-सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कोकण अशा सर्व बाजूंनी माणसे येथे आली. तीन पाळ्यांच्या चक्रात त्यांची उमेद गेली. आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या या पिढीला दोन खोल्यांच्या सदनिकेत गुदमरल्यासारखे होते. अंगण असावे, तुळशीवृंदावन असावे, चार झाडे लावावीत, ही इच्छा स्वाभाविक आहे. गावापासून तुटलेल्या माणसाची मातीकडे परतण्याची ती ओढ आहे. परंतु ओढ जितकी प्रामाणिक, तितकी तिची फसवणूक सोपी. रविवारी गाडीत बसवून नेणारा, हिरवा डोंगर दाखवणारा आणि जेवू घालून परत आणणारा दलाल जागेचे गुण सांगण्यात कसूर करीत नाही. दोष पाहण्याचे काम मात्र घेणाऱ्यालाच करावे लागते.

हे काम टाळले तर काय होते, हे चिखलीने दाखवून दिले. १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झालेल्या या गावात इंद्रायणीच्या काठी, निळ्या पूररेषेच्या आत, बंगले उभे राहिले. राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये ते पाडण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि मे २०२५ मध्ये महापालिकेने ३६ बंगले जमीनदोस्त केले. आयुष्याची पुंजी घातलेली घरे काही तासांत ढिगाऱ्यात गेली. नदीकाठचे रम्य स्थान हाच त्या जागेचा गुण म्हणून सांगितला गेला असणार. तोच तिचा सर्वांत मोठा दोष होता.

म्हणून जमिनीचे दोष एकाच तराजूत घालून चालत नाही. त्यांच्या तीन प्रती आहेत. काही दोष पैसा आणि श्रम यांनी दूर होतात. ते किमतीतून वजा करावेत. काही दोष दूर होत नाहीत, पण सोसता येतात. ते घरातल्या सर्वांनी मिळून, डोळे उघडे ठेवून पत्करावेत. आणि काही दोष निसर्गाने वा कायद्याने लादलेले असतात. ती जमीन फुकट मिळाली तरी घेऊ नये. बहुतेकांची चूक अशी, की पहिल्या प्रतीच्या दोषांवर ते घासाघीस करतात आणि तिसऱ्या प्रतीच्या दोषांची चौकशीच करीत नाहीत.

आधी तिसऱ्या प्रतीचे पाहू. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची मर्यादा; लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घराची आशा धरू नये. देहूरोडच्या दारूगोळा कोठारापासून दोन हजार यार्डांपर्यंतचे क्षेत्र 'रेडझोन' म्हणून ओळखले जाते. तेथे १९०३ च्या संरक्षणविषयक कायद्याचे निर्बंध आहेत. दिघीच्या परिसरातही असाच पट्टा आहे. या जागा स्वस्त मिळतात, याचे कारण उघड आहे.

कायद्याचे दोष याहूनही अदृश्य असतात. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेण्यास बंदी आहे. मूळ गावच्या सातबाऱ्यावर नाव असेल तर अडचण नाही. पण पिंपरी-चिंचवडमधील कित्येकांनी भावावरील प्रेमापोटी फार पूर्वीच हक्कसोडपत्र करून दिलेले असते. दुसरी जमीन नसेल तर त्या उदार सहीबरोबर शेतकरी म्हणून असलेली आपली ओळखही गेली, हे त्यांना खरेदीच्या वेळी उमगते. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये ठरलेले प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. यातून पळवाट म्हणून दहा-अकरा जणांच्या नावे सामाईक खरेदीखत केले जाते. सातबाऱ्यावर नाव लागते, परंतु आपला गुंठा नेमका कोणता, हे सरकारी मोजणीत कोठेही नसते. मग स्वतंत्र बांधकाम परवानगी मिळत नाही आणि कर्जही मिळत नाही. २०२५ मध्ये शासनाने जुने तुकडे नियमित करण्याचा मार्ग खुला केला, तो प्रामुख्याने नागरी आणि निवासी क्षेत्रांसाठी. शेती विभागातील गुंठ्यांना तो आपोआप लागू होतो, असे समजणे धोक्याचे आहे. एक साधी कसोटी सर्वांना जमण्यासारखी आहे. ज्या जागेवर कोणतीही बँक गृहकर्ज द्यायला तयार नाही, त्या जागेचे कागद बँकेच्या वकिलाने पाहिलेले असतात.

दुसऱ्या प्रतीचे दोष रोजच्या जगण्याचे आहेत. चाकणच्या तळेगाव चौकातील वाहतूक ज्याने पाळी सुटण्याच्या वेळी पाहिली, त्याला 'महामार्गापासून पाच मिनिटे' या शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. मध्यरात्री हृदयविकाराचा झटका आला तर रुग्णालय किती किलोमीटरवर आहे हे महत्त्वाचे नसते; किती मिनिटांवर आहे, हे महत्त्वाचे असते. मोशीकडे कचरा डेपो आहे, खडीच्या खाणी आहेत. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो, तो वारकऱ्यांना दरवर्षी दिसतो. उत्तरेकडे खेड तालुक्यातील उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. तरुण जोडप्याला हे सोसवेल. सत्तरीच्या आजी-आजोबांना सोसवेलच असे नाही.

राहिले दुरुस्त होणारे दोष. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहते, म्हणून शेजाऱ्याच्या कूपनलिकेला पाणी लागले तरी आपल्या लागेलच असे नाही. टाकी, पाऊसपाण्याची साठवण यांचा खर्च आधीच धरावा. वीज गावठाणाच्या वाहिनीवरून येणार की शेतीपंपांच्या, हे विचारावे, कारण शेतीपंपांना ती पाळीपाळीने ठरावीक तासच मिळते. रस्ता नकाशावर आहे की केवळ शेजाऱ्याच्या सौजन्यावर, हे पाहावे. जमीन एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैच्या संततधारेत पाहिली, तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

जमीन घेताना उद्याच्या वदंतेचे मोल आज देणे, हाही एक मोहच. चाकण-खेडच्या विमानतळाची चर्चा कित्येक वर्षे चालली आणि तिच्या भरवशावर जमिनींचे भाव चढले. २०१६ मध्ये विमानतळासाठी पुरंदरची निवड झाली. राहण्यासाठी जमीन घेणाऱ्याने विमानतळाची वाट पाहू नये. त्याने पिण्याचे पाणी, दवाखाना आणि शेजार पाहावा.

तथापि सारा दोष ग्राहकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चिखलीसारख्या प्रकरणांत शासनयंत्रणा वर्षानुवर्षे काय करीत होती? मुद्रांक शुल्क घेताना शासनाचा हात आखडत नाही. दस्तनोंदणी ही व्यवहाराची नोंद आहे, निर्वेध मालकीची हमी नव्हे, हे मात्र सामान्य माणसाला कोणी सांगत नाही. त्याला सरकारी शिक्का म्हणजे सरकारचा शब्द वाटतो. पूररेषा, रेडझोन, आरक्षण आणि शेती विभाग यांची स्पष्ट नोंद प्रत्येक सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात असली पाहिजे आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती खरेदीदाराला वाचून दाखवली गेली पाहिजे. सातबारा आणि फेरफार संगणकावर आणणाऱ्या महाराष्ट्राला एवढे अवघड नाही. तोवर सावधपणाचा भार कुटुंबांनीच वाहायचा आहे.

शेवटचा दोष मात्र जमिनीत नसून घेणाऱ्यात असू शकतो. गावात राहायला जायचे, पण कुंपण घालून, फाटकाला कुलूप लावून. ग्रामसभेला जायचे नाही, यात्रेची वर्गणी द्यायची नाही, शाळेकडे फिरकायचे नाही. मग आजारपणात हाक कोणाला मारणार? ज्याने आपली पिढीजात जमीन विकली, तो शेतकरी अनेकदा त्याच बांधापलीकडे राहत असतो आणि त्याच्या मनात विकल्याची बोच असते. त्याच्याशी पहिल्या दिवसापासून स्नेह जोडणे, हे खरेदीखताइतकेच आवश्यक आहे. जमीन पैशाने मिळते. गाव मात्र गावाने आपले म्हटल्याशिवाय मिळत नाही. दोष पारखून जागा घ्यावी आणि ती घेतल्यावर गावाला आपला दोष वाटू नये, असे राहावे. मातीकडे परतण्याची ओढ त्यातच सफल होईल.