वैमानिकाची साक्ष आणि दफ्तराची चाल

ज्या सप्टेंबर महिन्यात, 2025 साली, मराठवाडा मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून बीड शहरात आगगाडी आली, त्याच महिन्याच्या 26 तारखेस चंदीगडच्या धावपट्टीवर हवाई दलाने मिग-21 या विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. पहिल्या घटनेचा आमच्या जिल्ह्याने यथोचित उत्सव केला. दुसरीकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. ज्या जिल्ह्यात प्रवासी विमानदेखील उतरत नाही त्याने लढाऊ विमानांची काळजी कशासाठी वाहावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. तथापि पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतील रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात सैन्यभरतीसाठी धावणारी मुले ज्याने पाहिली आहेत, छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेतून 1977 पासून मराठवाड्यातील किती मुलांनी खडकवासल्याची वाट धरली हे ज्याच्या कानावर आहे, आणि नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यात जन्मलेले विवेक राम चौधरी 2021 ते 2024 या काळात हवाई दलाचे प्रमुख होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा विषय परमुलखातला वाटण्याचे कारण नाही.

मिग-21 ला वृत्तपत्रांनी ‘उडती शवपेटी’ हे नाव दिले आणि ते लोकांच्या तोंडी बसले. आश्चर्य असे की ज्यांनी त्या विमानात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, त्या वैमानिकांना हे नाव कधीच रुचले नाही. 1963 मध्ये दिलबाग सिंग यांच्या नेतृत्वाखाली 28 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते प्रथम दाखल झाले; डिसेंबर 1971 मध्ये ढाक्याच्या राजभवनावर अचूक मारा करून पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नराला राजीनामा लिहावयास लावण्यात त्याचा वाटा होता; आणि कोणाही जुन्या वैमानिकाशी बोलू लागावे तर तो या चपळ, आखूड पंखांच्या आणि क्षमा न करणाऱ्या यंत्राविषयी एखाद्या करड्या गुरूविषयी बोलावे तसा आदराने बोलतो. परंतु दुसरीकडे तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी मे 2012 मध्ये संसदेत दिलेली कैफियत आहे. तिच्याप्रमाणे घेतलेल्या 872 मिग विमानांपैकी, त्यात मिग-21 बरोबर त्या कुळातील इतरही आली, 482 अपघातांत नष्ट झाली आणि 171 वैमानिक व 39 नागरिक प्राणास मुकले. वैमानिकाचे प्रेम खरे आणि हा हिशेबही खरा. मग दोहोंचा मेळ कसा बसवावयाचा?

मेळ बसतो, पण त्यासाठी यंत्रावरून नजर काढून दफ्तराकडे न्यावी लागते. मिग-21 उतरताना ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीला टेकते. जेट प्रशिक्षणाचे पहिले धडे ज्या किरण विमानावर मुले गिरवीत, त्याचा वेग, त्याचा स्वभाव आणि त्याची सहनशीलता यांचा या विमानाशी काडीचा संबंध नव्हता. मधली पायरीच नव्हती. विशी-बाविशीच्या तरुणाने सालस विमानावरून एकदम या बेभान यंत्रावर बसावे आणि पहिल्या काही महिन्यांत एकही चूक करू नये, अशी ती व्यवस्था होती. ही गोष्ट वैमानिकांनी सांगितली नाही असे नव्हे, लेखी सांगितली. एअर मार्शल डेनिस ला फाँटेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1982 मध्येच प्रगत जेट प्रशिक्षण विमान घेण्याची शिफारस केली. हेच ला फाँटेन पुढे 1985 मध्ये हवाई दलाचे प्रमुख झाले, तीन वर्षे त्या पदावर राहिले आणि आपल्याच अहवालातील विमान पदरात न पडताच 1988 मध्ये निवृत्त झाले. 1997 मध्ये अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पुन्हा तेच सांगितले. अखेर 66 हॉक विमानांचा करार झाला तो मार्च 2004 मध्ये, आणि ती दलात आली 2008 मध्ये. दरखास्तीपासून करारापर्यंत बावीस वर्षे आणि प्रत्यक्ष विमान दाराशी यावयास सव्वीस! या सव्वीस वर्षांत दरवर्षी नवे वैमानिक त्याच अवघड उडीसाठी उभे केले जात होते. कोणत्याही एका मंत्र्याला अथवा सचिवाला यासाठी दोषी ठरविता येत नाही, आणि मला वाटते, हीच त्या कारभाराची सर्वांत मोठी सोय होती.

ही हॉक विमाने जेथे आली ते बीदर आम्हांला काही दूर नाही. परळीहून निघालेला लोहमार्ग उदगीर, भालकी करीत तेथेच जातो. या बीदरचे नशीबही विलक्षण आहे. निजामाच्या अमदानीतील अखेरच्या काळात सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन साहसी कराचीहून चोरून शस्त्रे आणी, ती उतरण्याच्या ठिकाणांत बीदरची धावपट्टी होती. आणि सप्टेंबर 1948 मध्ये, ज्याला आमच्याकडचे वृद्ध अजून ‘पोलीस अ‍ॅक्शन’च म्हणतात, त्या मोहिमेत हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी त्याच धावपट्टीवर बाँब टाकले. आज तेथे देशाच्या लढाऊ वैमानिकांच्या शिक्षणातील ती हरवलेली पायरी बांधलेली आहे, आणि सूर्यकिरण या कवायती पथकाचे ठाणेही तेच आहे.

आता त्या दलातील रीतीरिवाजांविषयी. सैनिकी शिस्तीत आज्ञापालनाला जे स्थान आहे ते असावयासच हवे. परंतु वैमानिकांच्या जगात त्याला आणखी एक पदर आहे, तो अभिमानाचा. विमानात खोड आहे असे म्हणणारा वैमानिक स्वतःच्या कौशल्यावर शंका घेण्यास निमंत्रण देतो, आणि म्हणून जे खासगी बैठकीत दहा जण बोलतात ते नोंदवहीत एकही जण लिहीत नाही. अपघात झाला की चौकशी होते, तिचे कागद गोपनीय राहतात, आणि मृताच्या घरी पोहोचतो तो केवळ निष्कर्ष. मुंबईचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ 17 सप्टेंबर 2001 च्या रात्री सूरतगडहून मिग-21 घेऊन उडाले आणि उड्डाणानंतर लगेचच कोसळले. दिशाभ्रम झाला असे कारण दिले गेले, आणि ते मान्य न करणाऱ्या त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांना विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न सार्वजनिक करण्यासाठी पुढील कित्येक वर्षे खर्ची घालावी लागली. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर ठेवलेली माहिती पाहावी: 2017 ते 2022 या पाच वर्षांत हवाई दलाच्या 34 अपघातांपैकी 19 वैमानिकांच्या मानवी चुकीच्या सदरात जमा आहेत. माणूस चुकतो हे कोण नाकारील? पण ज्याला चूक करण्याच्या जागी दफ्तराच्या दिरंगाईने नेऊन उभे केले, त्याच्या चुकीचे सदर कोणते, याला त्या तक्त्यात रकाना नाही.

यावरून वैमानिक म्हणेल ते प्रमाण, असे मी म्हणतो असा समज कोणी करून घेऊ नये. नेकनूरच्या बाजारात बैल घेताना औत हाकणाऱ्या गड्याला विचारणे शहाणपणाचे असते, पण गड्याला सवयीचाच बैल आवडतो हेही घेणाऱ्याने जाणून असावे लागते. हवाई दलाचा इतिहास या दोषापासून मुक्त नाही. जर्मन अभियंता कर्ट टँक यांनी बेंगळुरूत आखलेले मरुत हे विमान 17 जून 1961 रोजी प्रथम उडाले. त्याच्या स्थैर्याची आणि हाताळणीची वैमानिकांनी प्रशंसाच केली, परंतु त्याचे इंजिन दुबळे होते आणि सबळ इंजिन देण्याची तजवीज कधी धड झाली नाही. ते जोडण्याच्या खटपटीतच चाचणी वैमानिक ग्रुप कॅप्टन सुरंजन दास 10 जानेवारी 1970 रोजी मरण पावले. 1971 च्या युद्धात मरुतने आपले काम चोख बजावले, तरीही परदेशी विमान हाती येताच दलाने या घरच्या विमानाचा पाठपुरावा सोडला. तेजसच्या बाबतीतही, 1983 मध्ये योजना मंजूर झाल्यापासून 2016 मध्ये पहिली स्क्वाड्रन उभी राहीपर्यंत, शास्त्रज्ञांच्या विलंबाबरोबर हवाई दलाच्या वाढत्या मागण्या आणि मधूनमधून जाणवणारी उदासीनता यांचाही भाग होता. ‘आम्हांला विचारले नाही’ ही वैमानिकांची तक्रार रास्त आहे. ‘आम्ही त्यात मन घातले नाही’ ही कबुली त्यांच्याकडून फार क्वचित ऐकू येते.

आणि जेव्हा विचारले तेव्हा काय झाले? सहा परदेशी विमानांच्या मोठ्या स्पर्धेत वैमानिकांनी आणि अभियंत्यांनी बेंगळुरूच्या दमट हवेत, जैसलमेरच्या उन्हात आणि लेहच्या विरळ वातावरणात प्रत्येकाची कसून परीक्षा घेतली. नागपूरचे प्रदीप वसंत नाईक हवाई दलाचे प्रमुख असताना, एप्रिल 2011 मध्ये, सहांतून दोन उरली. इतकी पद्धतशीर निवड या देशात पूर्वी क्वचितच झाली असेल. तरी मागविलेली 126 विमाने आली नाहीत. 2016 मध्ये 36 राफेलचा निराळा करार झाला आणि पहिली पाच 29 जुलै 2020 रोजी अंबाल्यास उतरली. परीक्षा वैमानिकांनी वेळेत संपविली होती.

अशा पार्श्वभूमीवर फेब्रुवारी 2025 मध्ये बेंगळुरूच्या विमानप्रदर्शनात हवाई दलाचे तेव्हाचे प्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी, कॅमेरा चालू असताना, तेजस बनविणाऱ्या सरकारी कारखान्याच्या अधिकाऱ्यांना आपला त्यांच्यावर विश्वास उरलेला नाही असे सुनावले, तेव्हा अनेकांना ते शिष्टाचाराचे उल्लंघन वाटले. मला ते तसे वाटले नाही. निवृत्तीनंतर आत्मचरित्रात लिहावयाचे वाक्य कोणी हुद्द्यावर असताना बोलतो, यात दलाच्या मौनाला पडलेली एक आवश्यक चीर आहे. 42 स्क्वाड्रनची मंजुरी असताना मिग-21 गेल्यावर 29 उरल्या, हे ज्याला रोज पाहावयाचे आहे त्याने मृदू भाषेत का बोलावे? त्यानंतर 17 ऑक्टोबर 2025 रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझर येथे, तेजसची नवी निर्मितीमालिका सुरू होऊन तेथील पहिले विमान आकाशात गेले, हे समाधानकारक आहे. पण 21 नोव्हेंबरला दुबईच्या प्रदर्शनात एक तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल मृत्यू पावले, आणि पुन्हा तेच गोपनीय चौकशीचे चक्र फिरू लागले.

ब्रिटन आणि अमेरिका या देशांत लष्करी विमानांच्या अपघातांचे अहवाल, संवेदनशील मजकूर वगळून, लोकांसमोर ठेवण्याचा शिरस्ता आहे. त्यामुळे त्यांची हवाई दले दुबळी झाली असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे दोन गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक अपघाताच्या चौकशीचा सारांश ठराविक मुदतीत संसदेच्या पटलावर यावा. आणि विमानांची निवड व पुरवठा यांचा विचार करताना संरक्षणविषयक स्थायी समितीने केवळ सचिव आणि मार्शल यांना नव्हे, तर प्रत्यक्ष स्क्वाड्रनमध्ये उडणाऱ्या तरुण वैमानिकांना, नाव गुप्त राखून का होईना, साक्षीला बोलवावे. मराठवाड्यातून निवडून गेलेल्या खासदारांनी रेल्वेच्या मागणीचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला आणि ती पदरात पाडून घेतली. त्यांनी येत्या अधिवेशनात हा एक तारांकित प्रश्नही विचारावा, आणि उत्तर ‘गोपनीय’ असे आले तर पुढच्या अधिवेशनात तो पुन्हा विचारावा.