काकडी ते दिल्ली : घड्याळ शेतातून लावा

१ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते काकडीच्या (ता. कोपरगाव) शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. तेव्हापासून गावोगावच्या बैठकांत एक प्रश्न हटकून निघतो, "साहेब, आपला माल विमानाने कधी जायचा?" प्रश्न रास्त आहे. हिशेब मात्र बहुतेक जण उलट्या टोकाने मांडतात.

नकाशावर सरळ रेघ ओढली तर काकडीहून मुंबई विमानतळ सुमारे १७० किलोमीटर आणि दिल्ली सुमारे १,०२० किलोमीटर भरते. म्हणजे सहापट. वेळ मात्र सहापट लागत नाही. मुंबईला साधारण पाऊण तास, दिल्लीला दोन तासांच्या आसपास. धावपट्टी गाठणे, वर चढणे, खाली उतरणे, मुंबईच्या आकाशात नंबर लागेपर्यंत थांबणे, हे जवळच्या फेरीतही चुकत नाही.

तेव्हा मुंबईचा विषय सोडूनच द्या. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी आमण्यापर्यंत पुरा झाला. संध्याकाळी भरलेला टेम्पो पहाटेच्या आत वाशीच्या मार्केटला लागतो, आणि माल मध्ये कुठे उतरवावा लागत नाही.

दिल्लीचे तसे नाही. रस्त्याने बाराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ट्रकच्या दोन रात्री. राहात्याचा पेरू पिकायला लागला की साध्या हवेत दोन-तीन दिवसांत मऊ पडतो. इथे विमान कामाचे. पण घड्याळ तोडणीपासून लावा. प्रतवारी, पॅकिंग, काकडीपर्यंत गाडी, तपासणी, दिल्लीत माल ताब्यात मिळणे, हे धरले की दोन तासांचे दहा-बारा तास सहज होतात. जामखेडकराला तर काकडी गाठण्यातच अर्धा दिवस जातो. शिवाय नोव्हेंबर २०१९ मध्ये दृश्यमानता कमी झाल्याने इथली उड्डाणे कित्येक दिवस बंद होती. तोडलेला माल अशा वेळी थांबत नाही, त्याला शीतगृह लागते.

दुसरी मेख भाड्याची. हलका पण जागा खाणारा माल असेल तर भाडे खोक्याच्या आकारावर लागते. सर्वसाधारण सूत्र असे, की लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायचे. ६० बाय ४० बाय ३० चे जरबेऱ्याचे खोके काट्यावर पाच किलो भरले तरी भाडे बारा किलोचे! पॉलिहाऊसवाल्या किती जणांनी हे मांडून पाहिले आहे? स्वस्तातल्या पेरूचे तर विचारूच नका. निवडक, खोक्यात घट्ट बसणारा आणि दिल्लीत गिऱ्हाईक आधी ठरलेला मालच हे भाडे सोसेल.

म्हणून एकेकट्याने जाऊ नका. आठ-दहा जणांचा गट करून विमान कंपनीच्या मालवाहतूक विभागात जा आणि तीन गोष्टी लेखी मागा : माल स्वीकारण्याची शेवटची वेळ, उड्डाण रद्द झाल्यास माल ठेवायची थंड जागा, आणि खोक्याच्या मापावरचा दर. तोडणीची तारीख त्यानंतर ठरवा.