पाच हजार वर्षांची कबर आणि आजचा रस्ता

आयर्लंडमध्ये बॉइन नदीकाठी न्यूग्रेंज नावाची टेकडीएवढी कबर आहे. नवाश्मयुगीन शेतकऱ्यांनी ती इसवी सनपूर्व 3200च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी बांधली. 1699 मध्ये जमीनमालकाच्या मजुरांनी रस्त्यासाठी इथले दगड काढले आणि आत जाणारी वाट उघडी पडली. आज या परिसरापुढे पुन्हा रस्त्याचाच प्रश्न आहे.

जवळच्या स्लेन गावातून अवजड वाहने जातात. तीव्र उतार आणि अरुंद पूल यांमुळे तिथे अनेकांचे जीव गेले. त्यामुळे गावाबाहेरून रस्ता काढा, ही गावकऱ्यांची मागणी रास्त आहे. मात्र हा परिसर 1993 पासून जागतिक वारसा यादीत आहे. 2012 मध्ये नियोजन मंडळाने बाह्यवळण रस्त्याचा प्रस्ताव नाकारला. अवजड वाहतूक अन्यत्र वळवण्याचा पर्याय आधी नीट तपासायला हवा होता, असे मंडळाचे मत पडले. त्यानंतर सुधारित प्रस्ताव पुढे आला.

कबरीला हात न लावता दुरून रस्ता नेला तर बिघडले कुठे, असे कुणी विचारेल. त्याचे उत्तर 2018च्या उन्हाळ्यात मिळाले. दुष्काळाने पिके सुकली, पण जुन्या खंदकांच्या जागी ओल टिकल्याने तिथले पीक हिरवे राहिले. न्यूग्रेंजजवळच्या शेतात ड्रोनमधून एक भलेमोठे वर्तुळ दिसले. जमिनीवरून कुणाला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरे कारण विज्ञानाचे. कबरीचे मुख्य उत्खनन 1962 ते 1975 दरम्यान झाले. तेव्हा प्राचीन डीएनए वाचण्याचे तंत्र नव्हते. 2020 मध्ये तिथल्या एका हाडातून कळले, की त्या पुरुषाचे आई-वडील सख्खी भावंडे किंवा तितकेच जवळचे रक्ताचे नातेवाईक होते. संशोधकांनी त्यावरून राजघराण्याचा तर्क मांडला. एका माणसाच्या हाडावरून एवढे म्हणता येत नाही, असा आक्षेप इतर अभ्यासकांनी 2025 मध्ये घेतला. हा वाद मिटवायला आणखी पुरावे लागतील, आणि ते आसपासच्या मातीत असू शकतात.

गावकऱ्यांच्या जिवाला थांबायला सांगता येणार नाही. म्हणूनच अवजड वाहने वळवण्याचा उपाय आधी करून पाहावा. तो जमला नाही तर रस्त्याची आखणी बदलता येते. उकरलेली माती मात्र पुन्हा पहिल्यासारखी रचता येत नाही.