मग लिहू, नंतर लिहू...

"आधी डिग्री घे, नोकरीला लाग, सेटल हो. मग लिहीत बस काय लिहायचं ते!"

यवतमाळ, पुसद, वणीकडून परदेशात शिकायला निघालेल्या आणि थोडंफार लिहिणाऱ्या पोरापोरींना हा सल्ला हमखास मिळतो. देणारे आपलेच असतात. काका, मामा, कॉलेजातले सर, वर्षभर आधी तिकडे गेलेला सीनियर. हेतूही चांगलाच असतो. पण सल्ला साफ चुकीचा आहे, आणि हे कोणीतरी एकदा स्पष्ट म्हणायला हवं.

तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरवाले आहेत त्यांना "डॉक्युमेंटेशन नंतर करू" या वाक्याचा खरा अर्थ मी काय सांगायचा? :) ते "नंतर" कधीच येत नाही. आणि आलंच तर तोवर अमुक गोष्ट तशी का केली होती, हेच आठवत नाही. लिखाणाचंही तेच. पहिल्या सेमिस्टरला जे डोळ्यांत खुपतं, ते पाचव्या वर्षी दिसतसुद्धा नाही.

आनंदीबाई जोशींचंच बघा. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला एम.डी. झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. वय वर्षं एकवीस. डिग्रीनंतर पुरतं एक वर्षसुद्धा मिळालं नाही हो! पण शिकत असताना, थंडी आणि आजारपण सोसत असताना, त्या पत्रं लिहीत होत्या. काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं ते या पत्रांच्या जोरावर. "आधी डॉक्टर होते, मग सावकाश लिहिते" असं बाईंनी ठरवलं असतं, तर आज आपल्याकडे एक फोटो आणि दोन तारखा उरल्या असत्या.

दुसरा आक्षेप: "परदेशात बसून मराठीत काय लिहिणार? नॉस्टॅल्जियाच ना?" यात तथ्य आहे, नाही असं नाही. पहिला बर्फ, आईच्या हातची पुरणपोळी, गणपतीत डोळ्यांत पाणी... इतकंच लिहायचं असेल तर खरंच नका लिहू. पण दोष आपल्या नजरेचा आहे, परदेशाचा किंवा मराठीचा नाही. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, तिथं फिरल्या, आणि १८८९ साली "युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त" हे पुस्तक मराठीत आणलं. तिथलं राज्य कसं चालतं, बायकांची स्थिती काय, शाळा कशा... हे सगळं घरच्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं. याला उमाळा नाही, काम म्हणतात.

आज असं काम कमी आहे का? टेक्सासात कापूस यंत्रानं निघतो. आमच्याकडे आजही बायाच वाकून वाकून वेचतात. तिथला शेतकरी पीकविमा कसा घेतो, विद्यापीठाचं संशोधन त्याच्या वावरापर्यंत कसं पोचतं, आणि त्याला सरकारची किती मदत असते, हे तिथं शिकणाऱ्या यवतमाळच्या पोरानं मराठीत नाही लिहायचं तर कोणी लिहायचं? त्याला दोन्ही वावरं माहीत आहेत, राव!

"पण मराठीत लिहून करिअरला काय फायदा?" श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला शिकत होते तेव्हाच, १९०९ साली, त्यांचा जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ छापून आला. १९११ मध्ये पीएच.डी. झाली. परत येऊन त्यांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, ते मात्र मराठीत. इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे. कोणासाठी लिहायचं ते पक्कं होतं म्हणून.

आता आमच्याच गावची गोष्ट. जानेवारी २०१९, यवतमाळ, ९२वं मराठी साहित्य संमेलन. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण दिलं आणि विरोध होताच मागे घेतलं. इंग्रजीत लिहिणारी बाई मराठी मंचावर कशाला, हा एक मुद्दा होता. ही बाई १९४३ ते ४७ अमेरिकेत वेल्स्ली कॉलेजात शिकली, त्याच काळात वडील रणजित पंडित तुरुंगवासानंतर वारले, आणि त्या दिवसांवर तिनं १९५४ मध्ये "प्रिझन अँड चॉकलेट केक" लिहिलं. यवतमाळात तिला बोलू दिलं नाही. पण भाषण लिहून तयार होतं. ते मराठीत आलं, महाराष्ट्रभर वाचलं गेलं. उद्घाटन शेवटी वैशाली येडे यांनी केलं. याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. तोंड बंद करता येतं, लिहिलेलं परत घेता येत नाही, हे आमच्या गावानं असं शिकवलं.

असो. सल्ला देणाऱ्या काका-मामांना मान द्या, पाया पडा. आणि विमानात बसल्यावर वही उघडा. असाइनमेंट, पार्टटाइम नोकरी, व्हिसाचं टेन्शन, सगळं असणारच आहे. त्यातूनच आठवड्याला एक पान निघतं. रविवारी दुपारी झोपता तेवढ्या वेळात. :)