हरवलेली बॅग आणि पाळतीखालचा माणूस

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दोन बातम्या एकाच वेळी गाजत होत्या. इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली आणि बंगळूरुसह देशातील प्रमुख विमानतळांवर मालकांपासून ताटातूट झालेल्या बॅगांचे ढीग साचले. प्रवाशांचे सामान शोधून ते ४८ तासांत त्यांच्या पत्त्यावर पोहोचवा, असे अखेर नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाला कंपनीला बजावावे लागले. त्याच आठवड्यात दूरसंचार विभागाचा २८ नोव्हेंबरचा एक आदेश उघडकीस आला. देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीपासूनच बसवलेले असावे, असे तो सांगत होता. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला ही सक्ती मागे घेण्यात आली.

वरवर पाहता या दोन बातम्यांचा परस्परांशी संबंध नाही. तरीही पहिलीत वस्तू सापडत नाही म्हणून नागरिक हवालदिल होते, तर दुसरीत वस्तू शोधून देण्याच्या निमित्ताने आपणच कायमचे कोणाच्या तरी नजरेत राहू, अशी धास्ती होती. वस्तूचा माग आणि माणसाची पाळत यांच्यातील सीमारेषा नेमकी कोठे आखायची, हा या दोहोंमागचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना किल्ल्यांच्या जुडग्याला किंवा प्रवासी बॅगेत अडकवल्या जाणाऱ्या नाण्याएवढ्या इलेक्ट्रॉनिक टॅगची रचना समजून घेणे उपयोगाचे ठरते.

ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आणलेला एअरटॅग हा त्यातील सर्वांत परिचित नमुना. व्यास सुमारे ३२ मिलिमीटर, वजन ११ ग्रॅम आणि आत वर्षभर पुरणारी बटणाच्या आकाराची बॅटरी. आज जिओपासून बोटपर्यंत अनेक देशी कंपन्यांचे टॅगही बाजारात मिळतात. या टॅगमध्ये जीपीएस असते, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. वास्तविक त्यात उपग्रहाचा संदेश टिपणारे यंत्र नसते, सिमकार्ड नसते आणि इंटरनेटही नसते. ब्लूटूथवरून आपल्या अस्तित्वाची क्षीण खूण प्रसारित करत राहणे, एवढेच त्याचे काम. जवळून जाणाऱ्या अनोळखी माणसाचा फोन ती खूण ऐकतो, तिला आपले स्वतःचे स्थान जोडतो आणि ती माहिती कुलूपबंद करून सर्व्हरकडे धाडतो. हे कुलूप उघडणारी किल्ली केवळ टॅगच्या मालकाच्या फोनमध्ये असते. टॅगची ओळखखूणही ठरावीक काळाने बदलते. त्यामुळे निरोप पोहोचवणाऱ्याला आपण काय पोहोचवले हे कळत नाही आणि कंपनीला तो निरोप वाचता येत नाही.

याचा अर्थ असा की, टॅगची उपयुक्तता त्याच्या यंत्रणेपेक्षा भोवतालच्या गर्दीवर अवलंबून असते. मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर किंवा चिकपेठच्या गल्लीत तो क्षणाक्षणाला बोलतो. सकलेशपूरच्या घाटात पडलेली बॅग मात्र मुकीच राहते. त्यातही भारतातील बहुसंख्य फोन अँड्रॉइडवर चालतात, त्यामुळे केवळ आयफोनच्या भरवशावर असलेला टॅग आपल्याकडील लहान गावांत जवळजवळ निरुपयोगी ठरतो. अँड्रॉइड फोनचे असे जाळे गुगलने एप्रिल २०२४ पासून विणायला घेतले. परंतु त्याची मूळ मांडणी मुद्दाम सावध ठेवली. वर्दळीच्या जागी अनेक फोनांनी टॅगची खूण ऐकल्यावरच त्याचे स्थान मालकाला कळवायचे, ही ती सावधगिरी. निर्जन रस्त्यावरच्या एखाद्याच घराचा पत्ता त्यातून फुटू नये, हा तिचा हेतू. त्यामुळे शोध मंदावतो, हे खरे. गोपनीयतेची किंमत येथे उपयुक्ततेतून चुकती केली आहे.

या टॅगच्या रचनेतील सर्वांत अवघड पेच मात्र निराळाच आहे. बॅगेत दडणारी वस्तू स्त्रीच्या पर्समध्ये किंवा स्कूटरच्या आसनाखालीही दडवता येते. पहिल्या वर्षातच परदेशांत अशा तक्रारींचा ओघ सुरू झाला. मालकापासून दूर गेलेल्या टॅगने तीन दिवसांनी आवाज करावा, अशी सुरुवातीची योजना होती. जून २०२१ मध्ये ती मुदत ८ ते २४ तासांवर आणण्यात आली. पुढे एरवी हाडवैरी असलेल्या ॲपल आणि गुगल यांनी एकत्र येऊन समान मानक ठरवले आणि मे २०२४ पासून, अनोळखी टॅग सोबत फिरत असल्याचा इशारा दोन्ही प्रकारच्या फोनांवर मिळू लागला.

पण जो इशारा पाळतीखालच्या स्त्रीला सावध करतो, तोच चोरालाही सावध करतो. त्याला फोनवर सूचना मिळते, तो टॅग शोधून गटारात फेकतो. चोर आणि पीडित यांच्यात भेद करणे यंत्राला शक्य नाही. दोघांपैकी कोणाच्या बाजूने चुकायचे, हे रचनाकाराला आधीच ठरवावे लागते. येथे निवड स्त्रीच्या सुरक्षिततेच्या बाजूने झाली आणि ती योग्यच होती. टॅग हा हरवलेली वस्तू शोधण्यासाठी आहे, चोरीवरचा तो उतारा नाही, हे ग्राहकानेही एकदा समजून घ्यावे.

ही तजवीजही सर्वांना सारखी लाभत नाही. ज्या स्त्रीच्या हाती साधा बटणांचा फोन आहे, तिला हा इशारा मिळतच नाही. टॅगच्या बारीक शिट्टीवरच तिला विसंबावे लागते आणि आतला ध्वनिवर्धक काढून टाकणे मुळीच कठीण नाही. कायदाही येथे चाचरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाची व्याख्या आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट केल्यावरही तिचा पाठलाग करून वारंवार संपर्क साधणे किंवा साधू पाहणे, अथवा तिच्या इंटरनेट, ई-मेल व अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कसाधनांच्या वापरावर नजर ठेवणे, हा गुन्हा आहे. आता एखाद्याने संपर्क न साधता केवळ टॅग लपवला आणि घरबसल्या तिचा दिवसभराचा मार्ग पाहिला, तर तो या शब्दांत नेमका कोठे बसतो? विवेकी न्यायाधीश तो बसवतीलही. परंतु ठाण्यातील अंमलदाराने तक्रार घ्यावी यासाठी कायद्याचे शब्द स्वच्छ असावे लागतात. जुन्या दंड संहितेतील कलम ३५४ ड चे शब्दच २०२४ मध्ये नव्या संहितेत आले; ही दुरुस्तीची संधी आपण दवडली.

दुसरी मर्यादा संस्थांची आहे. आपली वस्तू कोठे आहे हे कळणे निराळे आणि ती हाती येणे निराळे. मार्च २०२२ मध्ये पाटण्याहून बंगळूरुला आलेल्या एका संगणक अभियंत्याची बॅग दुसऱ्या प्रवाशाच्या बॅगेशी बदलली. ग्राहकसेवेकडे खेटे घालूनही दाद लागेना, तेव्हा त्याने विमान कंपनीच्या संकेतस्थळाच्या आतील नोंदी न्याहाळल्या आणि तेथेच उघड्यावर पडलेला सहप्रवाशाचा दूरध्वनी क्रमांक त्याला सापडला. दोघांनी भेटून बॅगा बदलून घेतल्या. समाजमाध्यमांवर या चातुर्याचे कौतुक झाले. माझ्या मते ती घटना दुहेरी चिंतेची होती. कंपनीला बॅग शोधता आली नाही आणि प्रवाशाची खासगी माहितीही तिला राखता आली नाही.

वास्तविक सामान स्वीकारताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्यात नेताना आणि प्रवाशाच्या हाती देताना अशा चार टप्प्यांवर नोंद ठेवावी, असा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचा, म्हणजे ‘आयाटा’चा ठराव जून २०१८ पासून लागू आहे. म्हणजे माहिती कंपनीकडे असायलाच हवी. प्रवासी स्वखर्चाने टॅग विकत घेतो तो त्या माहितीवरचा विश्वास उडाल्यामुळे. अलीकडे काही विमान कंपन्या प्रवाशाने पाठवलेले टॅगचे स्थान आपल्या शोधयंत्रणेत स्वीकारू लागल्या आहेत. त्या सोयीतील एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कंपनीला दिलेला दुवा बॅग मिळताच, अन्यथा सात दिवसांनी आपोआप बंद होतो. काम संपले की पाहण्याचा अधिकारही संपतो.

पोलिसांच्या बाबतीत अनुभव संमिश्र आहे. चोरीच्या तक्रारीची बोळवण ‘गहाळ’ अशा दाखल्यावर करण्याची वृत्ती प्रशासनात असताना मी जवळून पाहिली आहे. चोरीचा गुन्हा नोंदला की तपासाचे ओझे येते आणि महिन्याचे आकडेही बिघडतात. उलट मोबाइलच्या आयएमईआय क्रमांकावर आधारलेली केंद्रीय नोंदवही २०१९ मध्ये महाराष्ट्रापासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि मे २०२३ मध्ये देशभर खुली झाली. कर्नाटक पोलिसांनी तिचा चांगला उपयोग करून सापडलेले फोन नागरिकांना परत केले आहेत. ही नोंदवही संचार साथीचाच भाग आहे. ज्याचा फोन गेला त्याने आपणहून तिचा आधार घ्यावा, या स्वरूपात ती लोकांना हवीशी वाटली. तीच सेवा प्रत्येकाच्या खिशात सक्तीने बसवण्याचा घाट घातला जाताच ती संशयास्पद ठरली. सेवेचे नाव तेच होते. संमती तेवढी गळाली होती.

हा संशय इतिहासाच्या विद्यार्थ्याला अनाठायी वाटत नाही. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांना डाग देण्याची पद्धत सुरू केली, ती सरदारांनी हजेरीच्या वेळी तेच घोडे पुन्हा पुन्हा दाखवून पगार लाटू नये म्हणून. पण डागाबरोबरच स्वाराच्या रूपवर्णनाची नोंदही आली. अकबराने १५७३-७४ च्या सुमारास ही व्यवस्था पुन्हा कडक केली, तेव्हाही घोड्याची खूण आणि स्वाराचा चेहरा एकाच दफ्तरात होते. ब्रिटिश काळात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर खूण थेट माणसांवरच उमटवली. नोंदणी, हजेरी, गाव सोडताना परवाना यांच्या जाचात लाखो निरपराध माणसे जन्मतःच संशयित ठरली. सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण महाराष्ट्राच्या स्मरणात आहे. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वस्तूच्या नोंदीवरून माणसाच्या नोंदीकडे सरकण्याची राज्यसंस्थेची सवय मात्र टिकून आहे.

आजचे उदाहरण पाहू. नागपूर, चंडीगड अशा शहरांच्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामचुकारपणा आणि बनावट हजेरी रोखणे, हा त्यामागचा युक्तिवाद अलाउद्दीनच्या डागाहून फारसा वेगळा नाही. परंतु नेमून दिलेल्या हद्दीबाहेर गेल्यास वेतन कापले जाण्याची भीती, दिवसभर कोणीतरी पडद्यावर आपला ठिपका पाहत असल्याची जाणीव आणि तो पाहणारा कोण हे ठाऊक नसणे, हे सारे कामगाराच्या वाट्याला येते. बॅगेच्या टॅगमध्ये अनोळखी माणसासाठी जेवढी अदब राखली आहे, तेवढीही या मनगटासाठी राखलेली नाही. ती माहिती किती काळ साठवायची, कोणी पाहायची, कामाची वेळ संपल्यावर घड्याळ मुके होते की नाही, या प्रश्नांची उत्तरे कराराच्या कागदांत शोधावी लागतात.

न्यायालयांनी दिशा दाखवली आहे. खासगीपणाचा मूलभूत अधिकार ज्या खटल्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने प्रस्थापित केला, त्याचे याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता हवी, ही त्या निकालाची कसोटी. जुलै २०२४ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी, आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत लक्ष ठेवता येईल अशी जामिनाची अट घालता येणार नाही, असा निर्वाळा दिला. आरोपीला जे संरक्षण मिळाले, ते रस्ता झाडणाऱ्या कामगाराला नसावे, हे विपरीत आहे. दुर्दैवाने २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा येथे फारसा कामी येत नाही. त्याचे कलम ७ नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीविना माहिती वापरण्याची मुभा मालकाला देते आणि कलम १७ सरकारला आपल्या यंत्रणांना कायद्यातून वगळण्याचा अधिकार देते.

खासगी कंपन्यांनी बदनामीच्या आणि खटल्यांच्या धाकाने का होईना, चार मर्यादा स्वतःवर घालून घेतल्या. ज्याच्यासोबत यंत्र फिरत आहे त्याला ते कळले पाहिजे; माहिती फक्त हक्कदारालाच वाचता आली पाहिजे; पाहण्याची मुदत ठरलेली हवी; आणि यंत्र बंद करण्याचा मार्ग त्या व्यक्तीला दाखवला पाहिजे. माझी सूचना साधी आहे. माणसाचे स्थान टिपणाऱ्या प्रत्येक सरकारी आणि मालकी यंत्रणेला याच मर्यादा कायद्याने लागू कराव्यात. चौथीला अपवाद करावाच लागला, तर तो न्यायालयाच्या किंवा कायद्याच्या स्पष्ट आदेशाने व्हावा, निविदेच्या अटीने नव्हे. कलम ७८ मध्ये लपवलेल्या मागोवा यंत्राचा स्पष्ट उल्लेख यावा. विमान कंपन्यांनी टॅगचे स्थान दाखवणाऱ्या प्रवाशाची तक्रार लेखी स्वीकारणे बंधनकारक व्हावे आणि पोलीस ठाण्यात अशा पुराव्यावर ‘गहाळ’ऐवजी चोरीचा गुन्हा नोंदवण्याची स्पष्ट कार्यपद्धती असावी.

यांतील एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. बॅग कोठे आहे हे सांगण्याची सोय अकरा ग्रॅमच्या यंत्राने केली आहे. ती मालकाच्या हाती देण्याची आणि माणसाला बॅगेसारखे न वागवण्याची जबाबदारी मात्र संस्थांची आहे. ‘संचार साथी’ची सक्ती पाच दिवसांत मागे घ्यावी लागली, ती फोन बाळगणाऱ्या बोलक्या वर्गाने आवाज उठवला म्हणून. घड्याळ बांधलेल्या मनगटांचा आवाज त्या मानाने क्षीण आहे. तो ऐकण्यासाठी आपण आणखी एखाद्या गदारोळाची वाट पाहणार का, एवढाच प्रश्न उरतो.