पत्र आपले, पेटीही आपलीच हवी



मुलाखतीचे बोलावणे, परीक्षेचे प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीची त्रुटी ही पत्रे आता बहुधा ई-मेलने येतात. पण आपल्या वस्त्यांमध्ये अर्ज भरताना पुष्कळदा दुकानदाराचाच ई-मेल पत्ता टाकला जातो. पत्र त्याच्याकडे पडून राहते आणि मुदत उलटल्यावर घरी कळते. म्हणून प्रत्येक शिकणाऱ्या मुला-मुलीचा स्वतःचा पत्ता असावा, त्याला जोडलेला मोबाईल नंबरही घरचाच असावा, आणि घरात संगणक असेल तर त्यावर आपली टपालपेटी असावी, असे आम्हास वाटते.

संगणक जुना आहे म्हणून अडून बसू नये. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. असे संगणक भंगारात काढण्याआधी त्यावर लिनक्स चालवून पाहावे. ते फुकट मिळते. नवशिक्यांना लिनक्स मिंट सोपे जाते. त्याला किमान २ जीबी मेमरी लागते, ४ जीबी असल्यास काम सुखाने होते. मात्र आधीची कागदपत्रे, फोटो अगोदर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत.

आता टपालाचा प्रोग्राम कोणता घ्यावा? लिनक्सवर इव्होल्युशन, केमेल, क्लॉज मेल असे बरेच आहेत. क्लॉज मेल हलका आहे. पण घरातील सर्वांसाठी आम्ही थंडरबर्ड सुचवू. मिंटमध्ये तो आधीच बसवलेला असतो.

थंडरबर्ड उघडून आपले नाव व ई-मेल पत्ता लिहावा. प्रसिद्ध कंपन्यांची माहिती तो स्वतः शोधतो. जीमेल असल्यास गूगलची खिडकी उघडते, पासवर्ड तेथेच द्यावा. माहिती हाताने भरायची वेळ आली, तर येणाऱ्या टपालासाठी आयमॅपचा पोर्ट ९९३ आणि जाणाऱ्यासाठी एसएमटीपीचा ४६५ किंवा ५८७ असतो. सर्व्हरचे नाव ज्याची त्याची कंपनी सांगते.

येथे एक निवड नीट करावी. प्रोग्राम आयमॅप की पॉप असे विचारतो. पॉप म्हणजे पत्र घरी आणणे. तसे ठरवले असेल तर टपाल कचेरीतली प्रत काढूनही टाकली जाते. मग तेच पत्र मोबाईलवर सापडत नाही, आणि संगणक बिघडला तर कायमचे जाते. आयमॅपमध्ये मूळ पत्र कचेरीत राहते, प्रत घरी येते. म्हणून आयमॅपच घ्यावे. आलेली पत्रे संगणकावर साठत असल्याने नेट बंद असतानाही वाचता येतात. एवढे मात्र ध्यानात असावे की, इथे पुसलेले पत्र मोबाईलवरूनही जाते.

एकाच संगणकावर चौघे बसत असतील, तर लिनक्समध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते व वेगळा पासवर्ड करावा. मुलीचे पत्र मुलीनेच आधी उघडावे. घरातील विश्वासाला यामुळे बाधा येत नाही, उलट तो वाढतो.

महिन्यातून एकदा थंडरबर्ड बंद करून होम फोल्डर उघडावे. कंट्रोल आणि एच दाबले की लपलेली फोल्डरे दिसतात. मिंटमध्ये त्यांतील थंडरबर्ड नावाचे, आरंभी टिंब असलेले फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवावे. त्यात साठवलेले पासवर्डही जातात, म्हणून तो पेनड्राइव्ह कुणाला देऊ नये.

सर्व झाल्यावर स्वतःलाच एक पत्र धाडून पाहावे. अर्ज केल्यानंतर रोज एकदा पेटी उघडावी, स्पॅमचा कप्पाही चाळावा. बोलावण्याचे पत्र कधी कधी तेथेच पडलेले असते. आणि पुढचा अर्ज भरताना दुकानदाराला आपला पत्ता कागदावर लिहून द्यावा, तोच टाकला की नाही हे पडद्यावर पाहूनच उठावे.