‘कलोनियल’ बंगल्यात साहेबाचे नेमके काय?

🧵 १/९
शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सेकंड होमच्या जाहिराती ‘कलोनियल स्टाइल’च्या नावाने केल्या जातात. उतरते कौलारू छप्पर, प्रशस्त व्हरांडा, उंच जोते, गोल खांब. हा म्हणे साहेबी थाट. इतिहासाच्या कसोटीवर हा दावा टिकत नाही.

२/९
प्रथम शब्द पाहू. ‘बंगला’ म्हणजे बंगाली धाटणीचे घर. सतराव्या शतकात इंग्रज कंपनीच्या कागदपत्रांत तो साध्या, शाकारलेल्या घरासाठी येतो. रयतेचे घर साहेबाने उचलले, वाढवले आणि पुढे तेच सत्तेचे चिन्ह ठरले.

३/९
‘व्हरांडा’ हा शब्द पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत रुळला. वस्तू मात्र येथे होतीच. मुसळधार पावसात मातीची भिंत वाचवायची, तर छप्पर भिंतीपुढे आणावेच लागते. त्याखालची जागा म्हणजे पडवी.

४/९
ठाकूर, कातकरी, वारली यांच्या जुन्या घरांत कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण आणि वर पेंढा किंवा नळीची कौले असत. उतार, सावली, खेळती हवा : जाहिरातीतील सारे गुण येथे आधीच आहेत.

५/९
आणि ते ‘ब्रिटिश’ कौल? मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना १८६५ मध्ये बासेल मिशनच्या जर्मन भाषक मिशनऱ्यांनी मंगळुरात काढला. म्हणजे तेही इंग्रजांचे नव्हे.

६/९
मग वसाहतीचे खरे काय? युरोपीय धर्तीचे स्तंभ, समतोल दर्शनी भाग, झडपांच्या खिडक्या. आणि मुख्य म्हणजे कुंपणाचे आवार व मागे नोकरांच्या खोल्या. पडवीलाही जातीच्या मर्यादा होत्याच. आवाराने तर गावालाच फाटकाबाहेर थांबवले.

७/९
हे अंतर केवळ वास्तूत नव्हते. १८६१ मध्ये लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत आला. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरील सरकारी पकड घट्ट झाली. राबासाठी डहाळ्या तोडण्यावरूनही संघर्ष पेटला. ठाणे-कुलाब्यातील तक्रारींच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. १८९२ मध्ये तानसा धरण पूर्ण झाले. पाणी मुंबईला गेले.

८/९
तोच काळ आज ‘निवांत जुना जमाना’ म्हणून विकला जातो. उंच छत आणि झरोके उपयुक्त होते, यात शंका नाही. पण काँक्रीटच्या स्लॅबवर शोभेची कौले चढवून आत वातानुकूलन यंत्र बसवले, तर त्या शहाणपणाचे उरते काय? आणि अनेक कातकरी कुटुंबांच्या नावावर तर राहत्या घराखालची जमीनही नाही.

९/९
माहुली चढणाऱ्यांनी, मुरबाडमार्गे नाणेघाटाचा शिलालेख पाहायला जाणाऱ्यांनी वाटेवरचा कूडही पाहावा. शिलालेख दगडात टिकतो. कूड वर्षागणिक लिंपणारे हात थांबले, की संपतो. साहेबाच्या नावाने विकले जाणारे शहाणपण त्या हातांचे आहे. श्रेयही त्यांनाच मिळाले पाहिजे.